लोकवर्गणीतून जमलेले चित्रपटाचे पैसे अडवून ठेवल्याबद्दल तक्रार

रत्नागिरी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

काल दुपारी तुमच्या प्रतिनिधीने माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवते आहे. मोहिमेची माहिती, करारपत्र, बँकेचे तपशील आणि आधीच्या सगळ्या मेल तुमच्याच सिस्टीममध्ये आहेत. त्या पुन्हा जोडणार नाही.

चित्रपटासाठी तुमच्या संकेतस्थळावर चालवलेली आमची वर्गणीची मोहीम गणपतीच्या आधी संपली. 4 लाख 10 हजार रुपये जमले. तुमची 5 टक्के फी आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी कापल्याची पावती त्याच आठवड्यात आली. फी कापताना कसलीच पडताळणी आड आली नाही. उरलेली रक्कम मात्र आजही ‘पडताळणी सुरू’ या शेऱ्याखाली अडकून पडली आहे.

कारण काय, तर मोहिमेच्या वर्णनात ‘अध्यात्म’ हा शब्द आहे. तेवढ्यावरून तुम्ही आम्हाला ‘धार्मिक कार्य’ या गटात टाकलंत आणि ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि 80जी, म्हणजे देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारं प्रमाणपत्र, मागितलंत. आम्ही ट्रस्ट नाही. देऊळ बांधत नाही, अन्नछत्र चालवत नाही. आम्ही चित्रपट करतो आहोत. पहाटे गल्लीत येणारा वासुदेव, एकादशीला विठ्ठल मंदिराच्या रस्त्यावर पथारी टाकणारी माणसं, एसटी स्टँडच्या बाकावर रात्र काढून उजाडताच अभंग म्हणणारे म्हातारबाबा. ज्यांचं आयुष्य रस्त्यावर गेलं त्यांचा देव त्यांना कुठे भेटतो, एवढाच आमचा विषय आहे. मोहिमेच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात हे लिहिलेलं आहे, आणि ते पान तुमच्याच टीमने वाचून मंजूर केलं होतं.

आता कालचं संभाषण. जसं झालं तसं देते, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणार आणि तुम्ही ते ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

“मॅडम, फोटोतला तो मोरपिसांच्या टोपीवाला कोण?”

“वासुदेव.”

“त्यांचं आधार, पॅन आणि पासबुक अपलोड करा. लाभार्थी तेच ना?”

“नाही. पैसे चित्रपटासाठी आहेत.”

“पण फोटोत पैसे तर तेच मागतायत.”

“ते दान घेतायत.”

“म्हणजे भिकारीच ना, मॅडम? मग असं करा, कॅटेगरी बदला. ‘भिकारी पुनर्वसन’ टाका, लगेच पास होईल. पिक्चरचं नंतर बघा.”

मी म्हटलं, वरिष्ठांना फोन द्या. “वरिष्ठपण हेच सांगणार,” असं उत्तर आलं. मागे कोणीतरी हसलं. वर्गणीदारांनी चित्रपटासाठी दिलेले पैसे मी पुनर्वसनाच्या नावावर कसे उचलू, ती त्यांची फसवणूक होईल, असं सांगत असतानाच फोन बंद झाला.

तुमच्या कंपनीने मला खोटं लिहायला सांगितलं. आणि ज्या माणसाने पहाटेच्या अंधारात आमच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा विश्वास दाखवला, त्याला एका वाक्यात भिकारी ठरवलं. सुपातले तांदूळ झोळीत पडले की वासुदेव एकेका देवाचं नाव घेऊन दान पावल्याचं गाऊन सांगतो, पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला. देणाऱ्याच्या दारात, त्याच्या तोंडावर. दिलेलं कुठे पोचलं हे ऐकल्याशिवाय देणारा आत वळत नाही. आमच्या वर्गणीदारांना तुम्ही इतक्या महिन्यांत काय सांगितलंत?

‘भिकारी’ हा शब्द मला एवढा का लागला तेही सांगते. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं म्हणून, नाच करून किंवा भविष्य सांगून सार्वजनिक जागी दान मागणं हीसुद्धा भीकच धरली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. लोक ज्याला दारात हात जोडतात त्यालाच पुढच्या नाक्यावर पोलीस हटकू शकतात, हे दाखवण्यासाठी आम्ही हा चित्रपट करतो आहोत. तुमच्या प्रतिनिधीने तेच केलं.

पैसे कोणाचे अडकलेत ते बघा. मिरकरवाडा जेटीवर मासे विकणाऱ्या बायकांनी मुलांच्या मोबाईलवरून शंभर-दोनशे पाठवले. मुंबईतल्या चाकरमान्यांनी गावच्या मंडळाच्या ग्रुपवर आवाहन फिरवलं. आता बाजारात गेले की विचारतात, “पिक्चरचं काय झालं गो?” त्या विचारण्यात संशय नसतो अजून, पण तो येईल, आणि तो माझ्यावर येईल. वर्गणीची वही घेऊन मी स्वतः दारोदार फिरू शकले असते. तुमच्याकडे आले ते हिशोब सगळ्यांसमोर राहावा म्हणून.

लोकांच्या पैशातून चित्रपट करणं नवीन नाही. 1976 साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि ‘मंथन’ उभा राहिला. तेव्हा यूपीआय नव्हतं, तरी पैसे कॅमेऱ्यापर्यंत पोचले. मराठी चित्रपटाचं सरकारी अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर परीक्षणाला जातं, त्याआधीचा पैसा आम्हाला लोकांकडूनच उभा करावा लागतो. तुमचा व्यवसाय याच गरजेवर चालतो.

कार्तिकी एकादशीचं चित्रीकरण आम्हाला रद्द करावं लागलं. साउंड रेकॉर्डिस्टला दिलेला ॲडव्हान्स बुडाला. ती गर्दी आता पुढच्या वर्षी. फाल्गुनात शिमगा आहे, श्रीदेव भैरीची पालखी निघेल. ती आमच्या पडताळणीसाठी थांबणार नाही. शिमगा चुकला तर चित्रपटाचा शेवटच आमच्या हातात राहत नाही.

आज सकाळी तुमची मेल आली, पुन्हा ट्रस्टचं प्रमाणपत्र मागणारी. पुन्हा सांगते, आम्ही ट्रस्ट नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुम्हाला बंधनकारक आहे. पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवीन. महिन्यात पूर्ण रक्कम खात्यात आली नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, आणि सगळ्या वर्गणीदारांना हे पत्र पाठवीन. बुडालेल्या ॲडव्हान्सची भरपाई आणि कालच्या बोलण्याबद्दल लेखी माफीही हवी आहे. माफी माझी मागू नका, फोटोतल्या माणसाची मागा. मी ती त्याला वाचून दाखवीन.

चित्रपटाची दिग्दर्शिका

ता. क. कॉल सेंटरमधून फोन करू नये. उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं.