समाजाचे नाव कोठे द्यावे, कोठे देऊ नये

महोदय,

गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींना राखीव जागा देण्याचा मार्ग मोकळा करणारे विधेयक संसदेने २०२५ मध्ये संमत केल्यापासून गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांविषयीचा मजकूर आपल्यासह सर्वच मराठी दैनिकांत वाढला आहे. त्याची भाषा मात्र अजून जुन्याच वळणाची आहे. लोकोत्सवाच्या छायाचित्राखाली ‘धालो सादर करताना आदिवासी महिला’ एवढेच छापले जाते आणि त्याच छायाचित्रात कडेला उभ्या असलेल्या पाहुण्यांची नावे मात्र हुद्द्यांसह येतात. त्या महिला कोणत्या गावच्या, कोणत्या समाजाच्या, हे तेथल्या तेथे विचारता आले असते. शिवाय धालो हे महिलांचे नृत्य-गीत पौषात मांडावर, म्हणजे गावातील ठरलेल्या मोकळ्या जागेवर, खेळले जाते आणि त्या मांडाला पावित्र्य असते. ‘सादर करणे’ हे पाहुण्यांच्या खुर्चीवरून दिसणारे वर्णन झाले.

‘अनुसूचित जमाती’ ही कायद्याची संज्ञा गोव्यातील या तीन समाजांना २००३ मध्ये लागू झाली. आरक्षण, शिष्यवृत्ती, वनहक्क यांच्या बातमीत ती हवीच. सणाच्या किंवा कुणाच्या निधनाच्या बातमीत तिचे काय काम? ‘आदिवासी’ हा शब्द काही जण अभिमानाने लावतात, काहींना गावडा किंवा वेळीप एवढेच पुरते, तेव्हा ज्याच्याविषयी लिहायचे त्यालाच विचारावे. ‘वनवासी’ लिहिणाऱ्यांनी मात्र आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी संविधान सभेत ‘वनजाती’ या शब्दाला घेतलेली हरकत आठवावी. तिसवाडीत किंवा सासष्टीत शेती करणारे गावडा कुटुंब कोणत्या वनात राहते?

सर्वांत जास्त खटकते ते धर्मांतराविषयीचे लेखन. १९२८ मध्ये मसुरकर महाराजांच्या पुढाकाराने हिंदू धर्मात आलेल्या गावड्यांच्या वंशजांना ‘शुद्ध करून घेतलेले’ आणि ख्रिस्ती गावड्यांना ‘बाटलेले’ म्हणणारे लेख अजूनही वाचावे लागतात. इतिहास सांगायचा तर सन आणि घटना सांगावी. आज हयात असलेल्या माणसांची शुद्धाशुद्धता ठरवण्याचा अधिकार ना फिरंग्यांना होता, ना आपल्याला आहे. सांगे, केपे, काणकोण यांना ‘नवी काबिजाद’ (पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेला मुलूख) म्हणण्याचेही तसेच. पोर्तुगीज कारभाराच्या संदर्भात ती संज्ञा टाळता येणार नाही, पण आजच्या एखाद्या वेळीपवाड्यावरील पाणीटंचाई सांगताना जिंकणाऱ्याच्या दप्तरातले नाव कशाला?

परदेशी बातम्यांतील ‘रेड इंडियन’ आणि ‘एस्किमो’ हे शब्दही आता जावेत. क्री, मोहॉक, इन्युइट ही नावे देवनागरीत लिहिणे मुळीच अवघड नाही. कॅनडाच्या १८७६ च्या कायद्याच्या नावातच ‘इंडियन’ आहे, तेथे अर्थातच बदल करू नये.

याउलट, जेथे जमातीचे नाव नको तेथे ते ठळक टाइपात असते. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि गोव्यात तर तो कधी लागूच नव्हता. तरीही चोरीच्या बातमीत ‘पारधी टोळी’ असा मथळा बिनदिक्कत येतो. संशयितांवर अजून आरोपपत्रही नसते, पण अख्ख्या समाजावर ठपका बसलेला असतो. आरोपीची जात वा जमात मथळ्यात आणि मजकुरात न देण्याचा नियम आपल्या संपादकीय विभागाने करावा आणि वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्यांनाही तो लावावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, केपे