निळी वही

सोलापूर, 21 जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी निळी वही टीव्हीशेजारीच राहिली. परवा मी ती उघडली. न विचारता वाचली, रागावू नकोस. बाबांना वाटतं तू मुद्दाम ठेवून गेलीस. मला नाही वाटत. पहाटे हुतात्मा एक्सप्रेसला निघताना तू कुणाकडे बघतच नव्हतीस.

अक्षता टाकून आलो आणि जेवताना ते झालं. ‘त्याग त्याग काय करता, कुणी मागितला होता?’ असं तू बाबांना म्हणालीस. त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुझ्या संशोधनाच्या या वहीतलं बरंच कळलं. आयन रँड या लेखिकेच्या विचारांवरचं ते नियतकालिक तिघांनी 1999 मध्ये काढलं. वर्षाला दोन अंक, आणि तिला मानणाऱ्यांनी लिहावं तसं तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही लिहावं. लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळत नाही, लेखकाला तपासणाऱ्याचं. स्कॉलरशिपचे पेपर तपासताना आम्हालाही मुलाचं नाव कळत नसे, म्हणून हे मला फार पटलं. 2013 पासून पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रेसने ते छापलं आणि 2023 मध्ये बंद झालं. खाली तू लाल शाईने लिहिलंयस की तिचे कट्टर अनुयायी बहुतेक इकडे फिरकले नाहीत, आणि कित्येक प्राध्यापक तिला तत्त्वज्ञ मानायलाच तयार नाहीत. ती ओळ मी चारदा वाचली. मनू, मग तू कुणात बसणार गं? नोकरीचं नाही म्हणत मी. एकटी पडशील, एवढंच म्हणते.

पुढच्या महिन्यात अमेरिकेला निघालीस, त्यात हे लिहायला नको होतं. शिकवायची सवय जात नाही. चुकलं.

तिच्या मोठ्या कादंबरीत संप कारखानदार आणि हुशार माणसं करतात, हे वाचून वही मिटली. संप म्हटलं की मला तुझे बाबा आठवतात. गिरणीचा भोंगा कायमचा थांबला तेव्हा तू पोटात होतीस. मग पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी. सकाळी घरी आले तरी कानात खटखट, मी दोनदा हाक मारायची तेव्हा ओ द्यायचे. त्या पैशांत भागाकाकांची फी, नंदाआत्याचं ते सगळं, आणि तुझ्या बारशाला पितळी घंटी. तेव्हा त्याग हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता. तो अलीकडे गुडघे दुखायला लागल्यापासून ते काढतात, हे तुझं खरं आहे.

पण वहीत पुढे तूच लिहिलंयस की ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यासाठी केलेलं रँडच्या लेखी त्याग नव्हेच, कारण ते आपल्यालाच हवं असतं. हे तू बाबांना का नाही सांगितलंस? त्यांना ते ऐकायचं होतं.

रशियात क्रांती झाली तेव्हा रँड बारा वर्षांची होती, वडिलांचं औषधांचं दुकान सरकारने घेतलं. 1926 मध्ये ती अमेरिकेला गेली. आईवडिलांना बोलावून घ्यायची तिने खटपट केली, त्यांना परवानगी मिळाली नाही, पुन्हा भेट झालीच नाही. स्वार्थाला सद्गुण म्हणणारी बाई, आणि तिनेही आईबापांसाठी अर्ज केले. तिचं बाकी काही मला पटो न पटो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

तू सहा महिन्यांनी येणार आहेस, मला माहीत आहे. तिकडे जेवायला कुणी सोबत असेल का, एवढं कळव. परत तेच विचारलं बघ.

शाळेतल्या बायकांना मी सांगितलं, माझी मुलगी तत्त्वज्ञानात संशोधन करते. विषय विचारला तर तोही सांगितला, न अडखळता.

शेजारची सुमन रविवारी पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर वही, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते. भाकरी बाबांनीच आणल्या, दोन दुकानं फिरून. त्यांचा फोन संध्याकाळी सातनंतर चालू असतो.

तुझी,
आई