तितूरच्या काठी नारळाची झाडे

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : पर्यावरण जागृतीसाठी भरवल्या जाणाऱ्या चित्रप्रदर्शनांबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या चाळीसगावातील एका सभागृहात शालेय विद्यार्थ्यांच्या पर्यावरणविषयक चित्रांचे प्रदर्शन भरले होते. सारी नोकरी चित्रकला शिकवण्यात गेल्यामुळे अशा ठिकाणी माझे पाय आपोआप वळतात. संयोजकांनी मेहनत घेतली होती, मुले नटूनथटून आली होती, पालकांची गर्दीही होती. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कोणाचा उत्साह मोडण्यासाठी नाही, एवढे आधीच नमूद करतो.

पहिल्या भिंतीवरील बहुतेक चित्रांत दोन हातांच्या ओंजळीत पृथ्वीचा गोल होता, अर्धा हिरवा आणि अर्धा जळणारा. दुसऱ्या भिंतीवर नद्या होत्या. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, निळेशार पाणी आणि काठावर नारळाची रांग! ही चित्रे काढणारी कितीतरी मुले शाळेत येता-जाता तितूर नदीचा पूल ओलांडतात. तितूरच्या काठी कडुनिंब आहे, बाभूळ आहे, वेडी बाभूळ तर हवी तेवढी आहे. नारळाची रांग मात्र मी इतक्या वर्षांत पाहिलेली नाही. अर्थात यात मुलांचा दोष नाही. चित्र म्हणजे असेच असते, हे त्यांना आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षे शिकवले आहे आणि त्या पापात माझाही वाटा आहे.

एकच चित्र वेगळे होते. ते दाराआड लावलेले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचा खालचा कोपरा सारखा फडफडत होता. सातवीतल्या एका मुलीने पुलाखालची नदी रंगवली होती. पाण्याचा रंग उकळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा, कोरड्या पात्रात कॅरीबॅग चघळणारी शेळी आणि अगदी कडेला, त्याच पाण्यात उभी असलेली ढोकरी, म्हणजे छोटा बगळा. शेळीचे पाय चुकले होते, पुलाची कमानही बसकी झाली होती; पण त्या ढोकरीची आखडून घेतलेली मान प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणाला काढता यायची नाही. चित्राला बक्षीस नव्हते. परीक्षकांपैकी एकांना मी कारण विचारले, तेव्हा ‘विषय जरा नकारात्मक वाटतो’ असे उत्तर मिळाले.

माझे म्हणणे या उत्तराविषयीच आहे. प्रदर्शनाने जागृती व्हावी असे वाटत असेल, तर पाहणाऱ्याला आपल्या दारातली गोष्ट तिथे नव्याने दिसली पाहिजे. ओंजळीतली पृथ्वी पाहून कोणालाही अपराधी वाटत नाही, कारण ती कोणाच्याच गल्लीतली नसते. पुलाखालची शेळी पाहिल्यावर मात्र काल आपण पिशवी कुठे टाकली, हे आठवल्याशिवाय राहत नाही. पाहण्याच्या या शिस्तीसाठी आपल्याला लांब जायला नको. मेजावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खा देखावा उभा करणारे छायाचित्रकार केकी मूस याच चाळीसगावचे. इथून घाटाच्या दिशेने गेले की पाटणादेवी आणि गौताळ्याचे अभयारण्य लागते, जिथे पळस, अंजन आणि सालई ही खानदेशच्या कोरड्या रानातली झाडे मुलांना समोर बसून काढता येतील. रंगांचेही तसेच आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, चुना, काजळी अशा साध्या द्रव्यांवर बहुतेक काम भागवले आणि परदेशातून मागवला तो मुख्यतः निळा दगड. मग आमच्या मुलांनी एकदा तरी तितूरचा गाळ, शेतातली काळी माती आणि घाटातला लाल मुरूम वस्त्रगाळ करून, डिंकात कालवून चित्र का काढू नये?

प्रदर्शन संपल्यावर काय उरते, हा दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सभागृहाच्या आवारात कडुनिंबाचे रोप लावण्यात आले. आठवड्याने मी तिकडून गेलो, तेव्हा रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात उभे होते. पिशवी फाडायची राहूनच गेली होती. येथे जर्मनीतील कासेल शहराचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. १९८२ साली योसेफ बॉईस या कलावंताने तिथल्या संग्रहालयासमोर बेसाल्टच्या ७,००० शिळांचा ढीग रचला आणि शहरात एक झाड लागले की ढिगातली एक शिळा उचलून त्या झाडाशेजारी रोवायची, असा नियम घातला. झाडे लागत गेली तसा ढीग कमी होत गेला. बॉईस १९८६ मध्ये वारले आणि शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. तोपर्यंत काम किती बाकी आहे हे ढिगाकडे पाहून रस्त्यावरच्या कोणालाही कळत होते. त्यासाठी अहवाल वाचावा लागत नव्हता. बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा दगड, आणि खानदेशात त्याला तोटा नाही. प्रदर्शनाच्या दारात शंभरच दगड रचावेत आणि लावलेले रोप पुढच्या अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीचा, उन्हाळा काढून जगले तरच एक दगड उचलावा. आखाजीला किती दगड जागेवर राहतात, ते गावाने पाहावे.

स्वागताच्या भल्यामोठ्या फ्लेक्सविषयी थोडक्यात लिहितो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक व पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि जाड फ्लेक्सही अखेरीस कडब्याच्या गंजीवर किंवा उकिरड्यावरच जातो. तिथे तो जाळला तर विषारी वायू निघतात. त्यापेक्षा मांजरपाटाच्या कापडावर हाताने अक्षरे रंगवून घ्यावीत. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्या पेंटर मंडळींच्या हाताला फारसे काम उरलेले नाही, त्यांनाही चार पैसे मिळतील.

शेवटी एक सूचना करतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी या नद्यांचा पूर शहरात शिरला होता. नदीकाठच्या एका ओळखीच्या घरात कपाटामागच्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ अजून आहे. पुढच्या भागाला रंग दिला, पण जड कपाट कोणी हलवले नाही. पुढील प्रदर्शन बंद सभागृहात न भरवता याच तारखेला पुलाजवळच्या एखाद्या भिंतीवर, नगरपालिकेची परवानगी घेऊन भरवावे. पाणी जिथवर चढले होते तिथवर त्या भिंतीवर गेरूची एक आडवी रेघ ओढावी आणि मुलांची चित्रे त्या रेघेच्या वर लावावीत. येणारा-जाणारा भाजीची पिशवी हातात घेऊन क्षणभर थांबेल, रेघ आपल्या छातीशी येते की डोक्यावरून जाते ते पाहील आणि मग त्याची नजर चित्रांकडे जाईल. पावसाची सर आलीच तर वर पत्र्याची पडवी करता येईल. दाराआड फडफडणारे ते चित्र मात्र या वेळी सर्वांत आधी लावावे, शेळीचे पाय न सुधारता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
चाळीसगाव, जि. जळगाव