शिक्षकाला काढता येत नाही, हे खरे नाही

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शिक्षकांच्या नोकरीवरचा लेख वाचला. एकदा कायम झाला की शिक्षकाला ब्रह्मदेवही काढू शकत नाही, असे लेखकाने ठासून लिहिले आहे. वाचल्यावर गप्प बसवेना. मला काढले होते. मी कायम होते, सेवापुस्तकात एक मेमो नव्हता, तरी काढले होते.

लेखकाने १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली वाचलेली दिसत नाही. गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कामात जाणूनबुजून आणि सतत केलेली कसूर, अकार्यक्षमता, या कारणांवरून कायम शिक्षकालाही घरी पाठवता येते, असे नियम २८ मध्ये स्वच्छ लिहिले आहे. अट एकच, आधी रीतसर चौकशी करा. ही अट इतकी जाचक का वाटावी?

मी तालुक्याच्या गावी शंभर टक्के अनुदानित हायस्कुलात मराठी शिकवत होते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण शाळा चालू आहे आणि माझ्या हाताखालून गेलेली दोघे-तिघे आज तिथे नोकरीला आहेत. संस्थेची निवडणूक झाली, कार्यकारिणी बदलली. मी जुन्या गटाच्या काळात लागलेली, एवढाच माझा अपराध. नव्या अध्यक्षांच्या घरात बी.एड. झालेली सून होती. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मस्टरवर सही करायला गेले, तर माझे नावच नव्हते. मुख्याध्यापक वर न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही साहेबांना भेटून घ्या." साहेब म्हणाले, "तुम्हीच राजीनामा दिलाय की."

नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर सही घ्यायची रीत आमच्या भागात होती. नोकरीची गरज असलेली मुलगी 'ही सही कशाला?' असे विचारत नाही. त्याच सहीच्या वर, इतक्या वर्षांनी, माझा राजीनामा टाइप झाला होता. घरगुती अडचणींमुळे मी नोकरी सोडते आहे, असे त्यात होते. मी ते वाक्य आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

मला वाचवले ते त्याच कायद्याच्या कलम ७ ने. शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत तयार करायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. संस्थेपाशी ना रजिस्टरचे पाकीट होते, ना पोस्टाची कुठली खूण. ज्यांनी हे कलम घातले त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझ्यासारख्या किती जणींची दैना पाहिली असेल!

अपील तीस दिवसांच्या आत करावे लागते. ते ऐकणारे शाळा न्यायाधिकरण आमच्या जिल्ह्यात नव्हते, तारखेला पहाटेची एस.टी. धरून जावे लागे. मध्येच पीठासीन अधिकाऱ्यांची बदली झाली, पद रिकामे राहिले, नुसत्या पुढच्या तारखा पडत राहिल्या. निकाल माझ्या बाजूने लागला. न्यायाधिकरणाचा निर्णय अंतिम, असे कायदा म्हणतो, पण संस्था रिट घेऊन उच्च न्यायालयात गेली आणि स्थगिती घेऊन आली. मिस्टरांचा पगार होता म्हणून घर चालले. माझ्याबरोबर दुसऱ्या एका संस्थेतली एक विधवा बाई तारखांना येत असे. तिने वकिलाची फी परवडेना म्हणून मध्येच अपील सोडले. कायद्याच्या पुस्तकात तिची नोकरीही माझ्याइतकीच पक्की होती.

मी परत रुजू झाले तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. मागील पगाराचा प्रश्न तर पुढेही लोंबकळत राहिला. संस्था म्हणे शासनाने द्यावा. शिक्षणाधिकारी कार्यालय म्हणे, बेकायदा काढले संस्थेने, तर संस्थेनेच भरावा. मला शेवटी जे मिळाले ते निम्म्याहून कमी. मला काढणाऱ्या एकाही माणसाच्या खिशातून एक रुपया गेला नाही.

शिक्षकांना एवढे संरक्षण कशाला, असे लेखक विचारतात. यासाठीच. पगार सरकारच्या तिजोरीतून येतो, पण नेमणुकीचे आणि बडतर्फीचे पत्र संस्थाचालक देतो. चांगला शिक्षक गेला तर त्याचे काही बिघडत नाही. उलट एक जागा रिकामी होते, आणि अनुदानित जागेला काय भाव असतो हे प्रत्येक तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या लेखकाला ते ठाऊक नसेल असे मला वाटत नाही, मग त्यांनी ते का लिहिले नाही?

आता ज्यांना काढायलाच हवे होते त्यांचे सांगते. आमच्याच शाळेत गणिताचे एक सर मधल्या सुटीनंतर पिऊन वर्गावर येत. मुली पहिल्या बाकांवर बसायला घाबरत. पालकांनी लेखी तक्रारी दिल्या, सरांना निलंबित केले, पुढे बडतर्फही केले. पण चौकशी कशी केली? नियमाप्रमाणे समितीत तिघे हवेत: संस्थेचा एक, त्या शिक्षकाने सुचवलेला कोणत्याही खासगी शाळेतला एक कर्मचारी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांपैकी एक, जो संस्थेच्याच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने, म्हणजे सचिवाने किंवा तशा पदावरच्या माणसाने, निवडायचा. त्या तिसऱ्या सदस्यासाठी कुणी पुरस्कार मिळालेला शिक्षक शोधलाच नाही. आरोपपत्र दोन ओळींचे होते. तक्रार केलेल्या एकाही आईबापाचा जबाब घेतला नाही. साधारण १२० दिवसांत हे सगळे नीट उरकावे एवढीच कायद्याची अपेक्षा आहे, आणि संस्थेला तेवढे कष्ट नको होते. न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली, सर परत आले, आणि कायदाच दारुड्याच्या पाठीशी आहे असे गावभर झाले. तुमच्या लेखातही तेच आले. संस्थेला जाब कुणी विचारला नाही.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, विषय लेखकाने याच पोत्यात कोंबला, तोही चुकीचा. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सक्तीची निवृत्ती, असे म्हटले आहे. तो प्रश्न पहिली ते आठवीच्या पात्रतेचा आहे. 'निकम्म्या शिक्षकांना अखेर दणका' अशा थाटात तो मांडणे अन्यायाचे आहे. वीस-पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसांची झोप उडाली आहे, त्यात उत्तम शिकवणारे कितीतरी आहेत. ही परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच २०२१ च्या डिसेंबरात टीईटीच्या गैरव्यवहारात अटक झाली होती, हे तरी आठवायला हवे होते.

आणखी एक गोष्ट, आणि ही थेट तुमच्या वृत्तपत्राशी संबंधित आहे. शिक्षकभरतीचे सरकारी पवित्र पोर्टल आल्यापासून अनुदानित जागांचे थोडे बदलले, पण विनाअनुदानित तुकड्यांच्या आणि तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधनाच्या, जागांच्या 'शिक्षक पाहिजेत, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे' अशा जाहिराती तुमच्याकडे अजून येतात. शाळा आमच्या तालुक्यातली आणि जाहिरात मात्र आमच्याकडे न येणाऱ्या आवृत्तीत, असे मी वारंवार पाहिले आहे. माझ्या भाचीला अशा एका जागेचे कात्रण मुलाखतीची तारीख उलटल्यावर पाहायला मिळाले. ती पात्र होती, बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमाप्रमाणे, जागाही तिच्याच प्रवर्गाची होती. ज्या तालुक्यातली शाळा, त्याच तालुक्यात जाणाऱ्या आवृत्तीत ती जाहिरात छापली जाईल, एवढा नियम आपल्या जाहिरात विभागाला घालून द्यावा. एखादी संस्था लांबची आवृत्ती मागत असेल तर तिला कारण विचारावे आणि ते पटले नाही तर जाहिरात परत करावी.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका
(नाव व पत्ता कृपया छापू नये)