समुद्रावरचा दिवस फुकट जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या सहलींवर लेख आला होता. तिकीट कसं काढावं, सामान किती न्यावं, कागदपत्रं कोणती लागतात, सगळं त्यात नीट सांगितलं होतं. पण जहाज ज्या दिवशी कुठल्याच बंदराला लागत नाही तो दिवस फुकट जातो, म्हणून शक्यतो असा दिवस नसलेली सहल निवडावी, असा एक सल्लाही त्यात होता. त्या एका सल्ल्यासाठी हे पत्र लिहितो आहे. जागा मिळाली तर जरूर छापावं.

मी मूळचा हर्णैचा. माझगाव गोदीत उमेदवारी केली आणि पुढे ३४ वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, ज्युनिअर इंजिनिअरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत. एवढी वर्षं काढली म्हणजे समुद्र पुष्कळ पाहिला असेल, असं सगळे धरून चालतात. इंजिन रूम पाण्याच्या पातळीखाली असते आणि तिला खिडकी नसते. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उकाड्यात, कानांवर मफ लावून चार तासांची वॉच, म्हणजे पाळी, करायची, वर येऊन अंघोळ करायची, जेवायचं आणि झोपायचं. समुद्र मला तळपायांतून कळायचा. जहाज लाटेवर चढलं की इंजिनाचा आवाज जड होई, जहाजाला ढकलणारा मागचा पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन एकदम पळू लागे. डोळ्यांनी असा समुद्र मी पाहिला तो गेल्या डिसेंबरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, प्रवासी म्हणून.

सौ. आणि मी मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजात बसलो. अंतर सुमारे ५०० सागरी मैल. वेग १४ नॉट धरला, म्हणजे आपल्या हिशेबात ताशी सव्वीस किलोमीटर, तर छत्तीस तास लागतात. संध्याकाळी सहाला सुटायचं, मधला अख्खा दिवस पाण्यावर, आणि परवा सकाळी बेट. मधला दिवस म्हणजे लेखातला तो फुकट दिवस.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. माझ्या शेजारचे दोघे-तिघे मोबाइलवर चित्रीकरण करत होते, एक जण तर केबिनमधून आलाच नाही. याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझबोट कलंडली तेव्हा आदल्या तासांत चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. त्यानंतर, १ जानेवारी २०१५ पासून, ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आणि आपल्या कोकणातल्या कोणाला १७ जुलै १९४७ ची रामदास बोट विसरता येईल? मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट सहाशेहून अधिक माणसं घेऊन बुडाली. आमच्या लहानपणी आषाढी अवस आली की घरात कोणी तरी तिचं नाव काढायचंच. पंधरा मिनिटांची कवायत आहे, मन लावून करा.

असो. बंदर सोडलं, कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्सचा दिवा मागे पडला, मग डावीकडे खांदेरीवरचा कान्होजी आंग्रे दीपगृहाचा. रात्री पावणेअकराच्या सुमारास मी सौ.ला म्हटलं, "आता आपलं हर्णै डाव्या हाताला आहे." चाळीसेक मैल लांब, त्यामुळे दिवा दिसणं शक्य नव्हतं. तरी ती कठड्याला धरून बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. मला आठवलं ते माझं लहानपण. आमच्या बंदरात स्टीमर धक्क्याला लागायची नाही, सुवर्णदुर्गाच्या बाजूला पाण्यातच उभी राहायची. पडाव, म्हणजे मोठी होडी, जवळ यायचा, खलाशी दोन्ही हातांनी माणसाला उचलून त्यात घ्यायचे. आईने मला पोटाशी घट्ट धरलेलं आठवतं, आणि दोरखंडाला येणारा डांबराचा वास.

पहाटे चारला मला जाग आली. सेकंड इंजिनिअरची वॉच चार ते आठ, ती सवय अजून गेलेली नाही. सौ. पण उठली. वरच्या डेकवर तेव्हा एक सफाई करणारा मुलगा सोडला तर कोणी नव्हतं. पाचच्या सुमारास आम्ही आंग्रिया बँकेच्या अक्षांशावर होतो. ही विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत असलेली, पाण्याखाली बुडालेली प्रवाळाची जागा. नाव आंग्र्यांचंच. तिचा सर्वांत उथळ भाग पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे, आणि पलीकडे तळ एकदम खाली उतरतो, हजार मीटरच्याही खाली. उजाडल्यावर तो फरक पाण्याच्या रंगात दिसला. आदल्या संध्याकाळचं मुंबईचं गढूळ पाणी कुठल्या कुठे गेलं होतं. हे पाणी शाईसारखं निळं होतं. सातच्या सुमारास सूर्य वर आला, आणि जहाजाच्या नाकाने फाडलेल्या पाण्यातून उडणारे मासे निघू लागले. एका वेळी दहा-बारा, पाण्याला समांतर, चांगले लांबवर जाऊन पुन्हा आत. सौ.ने पहिल्या झुंडीला पक्षी समजून हात केला. मी बोटीवरच्या मंडळींकडून या माशांबद्दल वर्षानुवर्षं ऐकत होतो, पाहत होतो ते मात्र तिच्याबरोबर पहिल्यांदा.

तिचे प्रश्न सुरू झाले. तिला बोट लागेल अशी भीती होती, म्हणून आवळासुपारी आणि आल्याच्या वड्या भरपूर घेतल्या होत्या. त्या तशाच परत आल्या. "हलत कसं नाही?" तिने विचारलं. जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. जहाज डावीकडे कलायला लागलं की ते आपला कोन बदलतात आणि उलट्या बाजूला रेटा देतात. "आणि एवढ्या माणसांना अंघोळीला गोडं पाणी?" याचं उत्तर द्यायला मला फार आवडलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापलेलं असतं. ती उष्णता वाया न घालवता बंद भांड्यातल्या समुद्राच्या पाण्याला देतात. भांड्यातली हवा काढून दाब कमी केलेला असतो, म्हणून ते पाणी पंचेचाळीस-पन्नास अंशांनाच उकळतं. वाफ धरून थंड केली की गोडं पाणी. ते यंत्र मी किती जहाजांवर खोललं, घासलं, जोडलं याची गणती नाही. ३४ वर्षांत बायकोला ते समजावून सांगायची वेळ आली नव्हती. सुट्टीवर घरी आलो की छप्पर, मुलांच्या फिया, आईचं औषध, यातच महिने संपायचे.

दुपारी बाराला कॅप्टनने ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, जहाजाची जागा सांगितली. आम्ही साधारण कारवारच्या अक्षांशावर होतो, किनाऱ्यापासून शंभरावर सागरी मैल. चारी बाजूंना पाणी, एकसुद्धा जहाज नाही. सौ. म्हणाली, "अहो, इथून किती लांबचं दिसतं?" हिशेब सोपा आहे. पाण्यापासून तीस मीटर उंचीवर उभं राहिलं तर क्षितिज वीसेक किलोमीटरवर असतं. हर्णैच्या पुळणीवर उभं राहिलं तर साडेचार-पाच किलोमीटर, त्याहून जास्त नाही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं संध्याकाळी जाऊन बघत होते तो पाचच किलोमीटरचा समुद्र होता." मला यावर काही बोलता आलं नाही. आम्ही तिथेच तासभर बसलो.

जेवणाखाण्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी लिहीत नाही. पण वाढणाऱ्या एका मुलाबद्दल लिहायला हवं. तो गुहागरकडचा निघाला. आमचं बोलणं कानावर पडलं तसा आपणहून जवळ आला. सौ.ने पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का रे?" पाच महिने तो जहाजावर होता, अजून तीन बाकी होते. समुद्र त्यालाही ताटं नेता-आणताना काचेतूनच दिसतो. जिथे जहाज बंदराला लागतं तिथे प्रवासी उतरतात आणि कामगारांना थोडी तरी फुरसत मिळते. समुद्रावरच्या दिवशी सगळे प्रवासी दिवसभर जहाजावर, म्हणजे त्यांचं काम दुप्पट. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. भारताने या कराराला २०१५ मध्ये मान्यता दिली. प्रवाशांनी एवढं तरी करावं, रात्री एक वाजता खोलीत चहा मागवताना आणणाऱ्याचा दिवस किती वाजता सुरू झाला होता ते आठवावं.

आता तक्रार. ती एकाच जहाजाची नाही, इतर जहाजांवर जाऊन आलेले मित्रही हेच सांगतात. सकाळी नऊपासून रात्री बारापर्यंत उघड्या डेकवर लाउडस्पीकर चालू असतात. नाच असावा, गाणी असावीत, तरुण मंडळींनी मजा करावी, माझा त्याला विरोध नाही. पण पाण्याचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाला एकही कोपरा उरत नाही. माझी सर्व क्रूझ कंपन्यांना विनंती आहे. समुद्रावरच्या दिवशी एक उघडा डेक स्पीकरविना ठेवा. लॉबीत नकाशा लावून दर तासाला जहाजाची जागा त्यावर खुणेने दाखवा. आपण देवगडसमोर आहोत की गोव्यासमोर, हे कळलं तर मुलं आपोआप कठड्याशी येतील. आणि सूर्यास्तानंतर एखाद्या भागातले अनावश्यक दिवे तासभर मालवा.

दिव्यांचं अशासाठी लिहिलं, की रात्री आठला आम्ही अंधारी जागा शोधत संबंध जहाज फिरलो. शेवटी मागच्या बाजूला, टांगलेल्या लाइफबोटीच्या सावलीत ती मिळाली. डोळे सरावायला दहा मिनिटं लागली, मग पूर्वेला कृत्तिका, रोहिणी, मृग वर आलेले स्पष्ट दिसले. जहाज दक्षिणेला चाललं होतं, त्यामुळे ध्रुव बरोबर आमच्या मागे, फेसाच्या पट्ट्याच्या वर होता. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो तितका आपला अक्षांश. हात ताठ धरून मूठ आडवी केली की ती दहा अंश भरते. आमच्या अंगणातून ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर असतो. सौ.ने हात ताठ केला आणि मोजलं. एक मूठ झाली आणि वर तीन बोटंही पूर्ण भरली नाहीत. "खाली उतरलाय," ती म्हणाली. एका रात्रीत आणि एका दिवसात तो जवळजवळ पाच अंश खाली आला होता, आणि ते तिने स्वतःच्या हाताने मोजलं होतं.

ज्यांना जायचं आहे त्यांनी मागच्या टोकाची, लाइफबोटीच्या खालची जागा दुपारीच बघून ठेवावी. वारा फार असतो, शाल न्यावी.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी