स्टेडियमलाही नाव होतं

मा. संपादक,
स.न.

शिकागो विद्यापीठातल्या पहिल्या अणुभट्टीवरचा लेख वाचला, आवडला, पण त्या जागेची बोळवण नेहमीप्रमाणे 'एका स्टेडियमच्या खाली' एवढ्यावरच. अहो, ते स्टेडियम काय उगाच तिथे उभं होतं का?

१८९२ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले अध्यक्ष हार्पर यांनी अमॉस अलोंझो स्टॅग या अमेरिकन फुटबॉलच्या कोचला थेट प्राध्यापकाच्या दर्जाने आणलं, आणि हा माणूस १९३२ पर्यंत तिथेच राहिला. जागा दिली मार्शल फील्ड या बड्या दुकानदाराने, म्हणून ग्राउंडचं नाव आधी मार्शल फील्ड, १९१३ पासून स्टॅग फील्ड. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची, हाइजमन म्हणून आज जी ट्रॉफी मिरवतात ती अगदी पहिल्यांदा, १९३५ मध्ये, इथल्याच जे बरवॅंगरला मिळाली. मग काय झालं, तर हचिन्स नावाचे अध्यक्ष आले, त्यांना अभ्यासापुढे फुटबॉलचं काडीचं कौतुक नाही, टीम ढासळत गेली, १९३९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या टीमने ८५-० असं धुतलं आणि त्याच वर्षाअखेरीस फुटबॉल बंद! हचिन्सना अजूनही लोक शिव्या घालतात, मला मात्र त्यांचं निम्मं पटतं, बाकीच्यांसारखं खेळाडूंसाठी पैसे आणि नियम वाकवायचे नसतील तर त्या लीगमध्ये मार खाणारच. पण बंदच करायचं म्हणजे जरा अतिच झालं.

तर असे ते स्टँड रिकामे पडले. भट्टी खरं तर शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात व्हायची होती, तिथलं बांधकाम कामगारांच्या भांडणात रखडलं म्हणून भट्टी उभारणारे शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांची मंडळी पश्चिम स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात घुसली. भट्टी म्हणजे ग्रॅफाइटचे ५७ थर, माणसं सगळी काळ्या धुळीने माखलेली, हीटिंग नाही, थंडी मरणाची. तेव्हा पहारेकऱ्यांना कोट कुठले मिळाले माहितीये? फुटबॉलच्या जमान्यातले रकूनच्या फरचे जुने कोट तिथेच लॉकरमध्ये पडलेले सापडले, तेच घालून हे लोक पहारा देत होते!! २ डिसेंबर १९४२ ला तिथे माणसाने घडवलेली, स्वतःहून चालू राहणारी पहिली अणुसाखळी अभिक्रिया झाली, तो इतिहास तुमच्या लेखात आहेच.

१९५७ मध्ये ते स्टँड पाडले. भट्टीच्या जागी शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आलं, ग्राउंडवर १९७० मध्ये रेगेन्स्टाइन लायब्ररी उघडली, आणि तिथे आज मराठी पुस्तकंसुद्धा आहेत बरं का. फुटबॉल १९६९ मध्ये परत आला, नवं स्टॅग फील्ड थोड्याच अंतरावर आहे.

विनंती एवढीच की आपल्याकडच्या विद्यापीठांच्या ग्राउंडवर आणि पॅव्हेलियनवरही एखादी मालिका करा, कोणी बांधलं, कोण खेळलं, मग तिथे काय काय झालं. जुने खेळाडू आणि ग्राउंडसमन अजून आहेत तोवरच हे होईल.

– एक वाचक, ठाणे