शब्द छापले, चाल राहिली

संपादक महोदय,
स. न.

नाताळ जवळ आला की नाशकातल्या शरणपूर भागात गाण्यांच्या तालमी सुरू होतात. यंदा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन घ्यायचं ठरलं. पुस्तकात शब्द सापडले, पण चाल कुणालाच येईना. शेवटी ऐंशी ओलांडलेल्या एका मावशींना रिक्षाने आणलं. त्यांनी मांडीवर ठेका धरत दोन कडवी म्हटली. तिसऱ्याला दम लागला. कीबोर्डवाल्या मुलाने विचारलं, "मावशी, पट्टी कोणती?" तशा त्या म्हणाल्या, "पट्टी कसली रे, जात्यावरची ओवी आहे ही. दळायला बस, आपोआप येईल."

टिळक बहुतेकांना पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणींतून नाहीतर बालकवींमुळे माहीत असतात. १८६१ साली कोकणातल्या करजगावी जन्मलेला हा माणूस संस्कृत शिकला नाशकात, सासुरवाडी जवळच जलालपूरची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. देशी चालींत त्यांच्याआधी ख्रिस्ती कवी कृष्णराव सांगळे यांनीही रचना केल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय टिळकांना देऊ नये. पण विलायती चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व-दीर्घाची जी ओढाताण होते, ती टिळकांच्या अभंगात नाही. टाळ घ्या आणि म्हणा.

अडचण एवढीच, की आमच्या घरच्या गायनाच्या पुस्तकात स्वरलेखन, म्हणजे चालीचे लिहिलेले सूर, नाही. आईने समासात पेन्सिलीने 'भूपाळीसारखी' असं लिहून ठेवलंय. ती गेली, आता भूपाळी तरी कोणती? आणि हे कुठे, तर ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वरलिपी घडवली, त्यांनी पंचवटीत आश्रम काढला त्या नाशकात! चाली लिहून घेण्याचा विषय मी एका बैठकीत काढला होता. "पुढच्या वर्षी बघू," असं उत्तर मिळालं. मावशींचं वय बघता पुढचं वर्ष फार लांब आहे.

म्हणून आम्ही चार जणांनी फोनवरच त्यांचं गाणं भरून घ्यायला सुरुवात केली. आतापर्यंत अकरा झाली. स्वरलेखन मात्र आमच्यापैकी कुणाला येत नाही. शहरातल्या संगीत विद्यालयांतल्या कुणाला येत असेल, तर रविवारी उपासनेनंतर अवश्य यावं. धर्म कुणी विचारणार नाही. पेटी आमच्याकडे आहे, फक्त भाता जरा फाटलाय.

– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक